मातीसकट पाच कंद

सावदा
१० ऑगस्ट २०२४

भाऊ,

राखी पाकिटात आहे, नातीकडून बांधून घे. जितेंद्र म्हणत होता, मामाला व्हिडिओ कॉल लावून देतो, कानातलं यंत्र शिट्टी मारतं तर मारू दे. मी म्हटलं, नको. तुला नीट ऐकू येत होतं तेव्हाही तू ऐकत नव्हतास, बोलतच होतास. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं.

आनंदाची गोष्ट आधी. आपली डिंपल शिंदखेड्याला केळी लावते आहे. तिच्या सासरी आजवर कापूस आणि बाजरी. केळी पाहिली ती हातगाडीवर. आता तापीचं पाणी पाइपातून शेतात आलं, आणि हिने सासऱ्यांच्या, लोटनरावांच्या, मागे लागून एक तुकडा मोकळा करून घेतला. दसऱ्याला लागवड. पोरीने शब्द टाकून बाग मागितली आहे. बहरली तर घरात तिला मान, बसली तर जन्मभर ऐकून घेणं.

रोपं टिश्यू कल्चरचीच, प्रयोगशाळेत वाढवलेली, आणणार आहेत. पण आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, लेकीच्या पहिल्या बागेतले पहिले पाच कंद माहेरचे. ते एका कोपऱ्यात लावायचे, हळदकुंकू वाहायचं, मग बाकीची बाग. माझ्या वेळी टोपली तूच डोक्यावर घेऊन आला होतास आणि वाटेत दोनदा भांडला होतास.

आता अडचण. यंदा पाऊस थांबायचं नाव घेत नाही. केळीचा वाळलेला पाला मी ओळीतच पसरते, जमीन गार राहते. परवा पाला उचलला तर खाली पांढरं जाळं. कुणी सूत ओढून ठेवावं तसे धागे, पार मातीत उतरलेले. बांधाजवळ कुत्र्याच्या छत्र्या उगवल्यात त्या वेगळ्याच. शेजारचे रुपचंद म्हणाले, वहिनी, बुरशी लागली, पाला पेटवा. जितेंद्र दुकानात गेला. दुकानदाराने बुरशीचीच पुडी दिली. म्हणे ही शेणखतात मिसळून टाका, ही त्या बुरशीला खाते. टाकली. दुसऱ्या दिवशी त्याला काय वाटलं कोण जाणे, बुरशी मारायचं औषध आणून त्याच ओळींना पाजलं. मी विचारलं, अरे, काल विकत आणलेली बुरशी कुठे गेली? तो म्हणाला, आई, तू चहा कर.

तू जन्मभर शास्त्र शिकवलंस. मला एवढंच सांग, हे पांढरं बाधेल का? या बागेतले कंद डिंपलला द्यायला हरकत नाही ना? बाकी बाग ठीक. खालची पिवळी पानं काढून टाकली आहेत, बघायला छान दिसते.

तुझी
लता


धुळे
१९ ऑगस्ट २०२४

लता,

राखी आज बांधून घेतली. तुझं पत्र वाचताना टेबलावर मूठ आपटली, चहा सांडला, सूनबाई धावत आली. बुरशी म्हणजे रोग, हे आपल्या लोकांच्या डोक्यात भरवलं कुणी? ज्याच्या जिवावर जगायचं त्यालाच जाळायचं, ही कुठली शेती?

नीट वाच. बुरशी वनस्पती नाही. तिच्यात हिरवा रंग नाही, उन्हावर अन्न तयार करणं तिला येत नाही. ती प्राणीही नाही. तिला तोंड नाही, पोट नाही. आपण अन्न पोटात घालून पचवतो; ती अन्नातच जाऊन राहते, पाचकरस बाहेर सोडते आणि विरघळलेलं अंगाने शोषून घेते. तिच्या धाग्यांच्या भिंती ज्या द्रव्याच्या असतात तेच द्रव्य झुरळाच्या आणि खेकड्याच्या कवचात सापडतं. नात्याने बघशील तर ती केळीपेक्षा तुला-मला जवळची आहे. आणि कुत्र्याची छत्री वेगळी असं लिहिलंस, तेही तपासून घे. छत्री हे बुरशीचं नुसतं फळ. त्यातून बीजाणू उडतात आणि वाऱ्यावर दुसरीकडे जातात. खरी बुरशी जमिनीखाली असते, धाग्याधाग्याने पसरलेली. तू पाला उचलून जे पाहिलंस ती तिची काया.

ती तिथे काय करत होती? तुझं काम. वाळलेला पाला, मेलेली मुळं, पडलेलं लाकूड, हे सगळं मोडून पुन्हा माती कोण करतं? जीवाणू करतात, किडे करतात, पण लाकडाला लाकूडपणा देणारं जे चिवट द्रव्य आहे, ते फोडायचं कसब मुख्यतः बुरशीकडे आहे. तिने काम थांबवलं तर आपण सगळे मेलेल्या पानांच्या ढिगाखाली गाडले जाऊ आणि नव्या पानाला खायला काही उरणार नाही.

आणि एक जात तर अशी की तिच्यावरच मी व्याख्यान तयार करतो आहे. ती मुळांशी सोयरीक करते. झाड तिला साखर देतं. ती, मूळ पोचत नाही तिथपर्यंत धागे पसरून, पाणी आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणून देते. जमिनीवरच्या बहुतेक झाडांची ही सोयरीक आहे, केळीचीसुद्धा. माणसाने शेती शिकण्याच्या कितीतरी आधीची.

तेव्हा पाला पेटवू नका. जितेंद्रला सांग, त्याने पाहुण्याला आमंत्रण देऊन बोलावलं आणि दारातच त्याच्यावर विष ओतलं. आणि कंदांचं म्हणशील तर जरूर दे. धुऊ नकोस, तासू नकोस, कसल्या औषधात बुडवू नकोस. मातीसकट दे. त्या मातीतली ती सोयरी बुरशी शिंदखेड्याच्या कापसाने दमलेल्या जमिनीत जाईल. आपल्या आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण रीत तिने अचूक घालून दिली. मी स्वतः जाऊन लोटनरावांना हे समजावणार आहे.

तुझा
बन्सीलाल


सावदा
५ सप्टेंबर २०२४

भाऊ,

तुझं पत्र मी वाचलं, मग जितेंद्रला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मामा बुरशीचे वकील झाले.

पाला पेटवला नाही. पण माझ्या डोक्यात गोंधळ वाढला तो वाढलाच. बुरशी झुरळाची नातलग आणि आपलीही नातलग, तर झुरळ आपलं कोण लागतं? डिंपलचं शाळेचं जुनं पुस्तक काढून बघितलं. पाव फुगवते ती बुरशी. पेनिसिलीन दिलं तीही बुरशीनेच. आणि जितेंद्रच्या काखेत गजकर्ण आहे, तीसुद्धा बुरशी. ही एकच बाई आहे की एका नावाच्या पुष्कळ बाया? तू लिहितोस तेव्हा वाटतं सगळ्या देवघरात बसवाव्या. पत्र मिटलं की काही कळेनासं होतं.

आता दुसरं विचारते. शेजाऱ्यांच्या बागेत काही झाडांची खालची पानं कडेकडेने पिवळी पडतात. मग देठाशी मोडून खोडाभोवती लोंबतात, जुनं लुगडं गुंडाळल्यासारखी. मधला पोगा, गुंडाळलेलं कोवळं पान, मात्र हिरवाच. काही खोडं बुडाशी उभी चिरलीत. पाणी भरपूर आहे, खत दिलेलं आहे. वर कुठे पांढरं नाही, काळं नाही, काहीच नाही. न दिसणारी बुरशी असते का? ते विचारत होते.

आणि कंदांचं राहू दे असं म्हणते. रीत काय, माणसांनीच घातली. मी डिंपलला चांगली साडी नेसवते, कंद नकोत. लोटनरावांना तू तसं सुचव ना, माझं नाव न घेता. तुझ्या बोलण्याला ते मानतात.

तुझी
लता


धुळे
१४ सप्टेंबर २०२४

लता,

तुझं पत्र यायच्या आधीच मी शिंदखेड्याला जाऊन आलो होतो. ओट्यावर बसून बोलायला लागलो आणि गल्ली जमली. मुळांची सोयरीक, मातीतला देवघेवीचा व्यवहार, माहेरची माती, सगळं सांगितलं. लोटनरावांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "आबा, बठ्ठं आयुष्य कापूस लावा, पन मातीना आत बी सोयरीक शे, हाई माले आज कयनं." जन्मभर कापूस लावणाऱ्या माणसाला हे त्या दिवशी कळलं! त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, सुनेच्या माहेरची टोपली वेशीपासून वाजत-गाजत आणायची आणि त्या मातीला आधी नमस्कार करायचा. डिंपलच्या तोंडावरचा आनंद तू बघायला हवा होतास.

आणि तू साडी म्हणतेस. मला हसावं की रागवावं कळेना. त्यांच्याबद्दल काही मनात आहे का तुझ्या? लग्नात मानपान राहिला होता ते अजून धरून बसली आहेस का? सोडून दे. एका घराला मी मातीचं मोल पटवून दिलं आणि सख्खी बहीण म्हणते दुकानातली साडी देते. मी काहीएक सुचवणार नाही.

शेजाऱ्यांबद्दल वाचून मात्र मन लागेना. ती मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग, असू शकते. होय, न दिसणारी बुरशी असते, आणि ती अशीच वागते. मातीतून मुळात शिरते, मुळातून कंदात, कंदातून खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत. नळ्या बुजतात. बुडाशी पाणी साचलेलं असतं आणि झाड तहानेने मरतं. त्यांना म्हणावं, एक खोड आडवं कापून पाहा. आत तांबूस-तपकिरी कडी दिसली तर नमुना तपासायला द्या. औषधाने ती जात नाही. झाड मेलं तरी ती जाड सालीचे बीजाणू करून मातीत वर्षानुवर्षं निजून राहते. तिचा प्रवास होतो तो कंदातून, मातीतून, वाहत्या पाण्यातून, विळ्या-कुदळीतून. ज्या कंदावर काहीच दिसत नाही त्यातूनसुद्धा.

त्या माणसाला माझ्या नावाने सांग, लपवू नकोस. बुरशीला पाय नाहीत, पाय तिला माणूस देतो. अशा बागेतून जाणूनबुजून एक कंद बाहेर देणारा माणूस माझ्या लेखी आग लावणाऱ्याच्या रांगेतला आहे, मग तो कितीही प्रेमाने देत असो.

यावर तू म्हणशील, मग बुरशी वाईटच की. नाही. हा अपवाद आहे. अपवाद घेऊन सिद्धांताच्या अंगावर जायचं नसतं.

तुझा
बन्सीलाल


सावदा
४ ऑक्टोबर २०२४

भाऊ,

शेजारी कुणी नाही. ती बाग माझी.

पानं श्रावणापासून पिवळी पडत होती. मी काढत होते आणि पावसाला बोल लावत होते. तुझं पत्र आल्यावर जितेंद्र आणि मी एक खोड आडवं कापलं. दूध करपल्यावर पातेल्याला जी कडी धरते तशी कडी, आतून, गोल. नमुना जळगावला दिला आहे, उत्तर यायचं आहे. जितेंद्र म्हणतो, आई, घड उतरेपर्यंत तोंडातून शब्द काढू नकोस, व्यापारी इकडे फिरकणार नाही.

आली कुठून म्हणशील, तर मागे वाऱ्यात काही झाडं मोडली होती तिथे मी नणंदेकडचे कंद लावले. बिचारीने स्वतःच्या हाताने खणून दिले, वर शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. तिलाही ठाऊक नसेल. मी तिचं नाव घेणार नाही. आग लावणारी म्हणण्यासारखी ती बाई नाही, आणि मी तरी आहे का?

आता माझ्यापुढे काय आहे बघ. कंद पाठवले नाहीत तर लोटनराव कारण विचारणार. खरं सांगितलं तर घरातली माणसं डिंपलला म्हणणार, तुझ्या माहेरची बाग मरते आणि तू आम्हाला केळी शिकवतेस. टिश्यू कल्चरची पाच रोपं माझी म्हणून पाठवली असती, पण त्यांना तर माहेरची माती हवी आहे, आणि ती हवीशी तू केलीस. बाजारातून कंद घ्यावे तर ते कुणाच्या बागेतले, हे तरी कुणाला माहीत?

पलीकडच्या टोकाची झाडं हिरवीगार आहेत. त्यातले पाच कंद काढून ठेवलेत. दिसायला देखणे आहेत. तू एकदा लिहिलंस, मातीसकट दे. तू एकदा लिहिलंस, ज्यावर काही दिसत नाही त्यातूनसुद्धा जातं. दोन्ही पत्रं समोर घेऊन बसले आहे. अक्षर एकाच हाताचं आहे.

तुझ्या सूनबाईच्या फोनवर निरोप ठेवला असता, पण तिचं माहेर याच गावात, संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत झालं असतं. डिंपलला फोन केला. ती म्हणाली, आई, फोन स्पीकरवर आहे, सगळे ऐकताहेत, बोल. मी म्हटलं, तिकडे पाऊस आहे का.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जितेंद्र टोपली घेऊन निघणार आहे. त्याआधी तुझं उत्तर आलं तर मी त्याला थांबवीन. नाही आलं तर काय करीन, मला माहीत नाही.

लता


धुळे
१४ ऑक्टोबर २०२४

लता,

तुझं पत्र आलं तेव्हा मी अमळनेरला होतो. व्याख्यानाला. कशावर ते तुला सांगायला नको. टाळ्या पुष्कळ मिळाल्या. तिथे मुक्काम केला आणि दसऱ्याच्या सकाळी घरी आलो, तर पत्र टेबलावर. वाचलं आणि चप्पल न काढता परत स्टँडवर गेलो. तिकडे फोन स्पीकरवर असतो आणि इथे सूनबाईला सांगायचं नव्हतं, म्हणून फोन लावला नाही.

शेतात पोचलो तेव्हा टोपली वाजत-गाजत येऊन पोचली होती. कोपऱ्यात पाच खड्डे, पाचही कंद आत ठेवलेले, हळदकुंकू झालेलं, आणि डिंपल कळशी घेऊन पाणी घालायला वाकलेली. मी बांधावरून ओरडलो, थांबा. लोटनरावांना वाटलं मी बोलायला उभा राहतोय. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली, लोकांना खाली बसायला सांगितलं. माणसं बसली सुद्धा. मी हात हलवत होतो, आणि ती माना डोलवत होती.

शेवटी डिंपल जवळ आली. यंत्राशी तोंड आणून तिने विचारलं, "मामा, आईच्या बागेत मर आहे का?" तिला कशावरून वाटलं मी विचारलं नाही. त्या स्पीकरवरच्या फोनवरून असेल. मी इकडेतिकडे पाहिलं. गल्लीतली सगळी माणसं, तिची सासू, लोटनराव, जितेंद्र. मी हो म्हणालो.

तुझी गोष्ट मी अशी चारचौघांत उघडी केली. जितेंद्र तोंड फिरवून मोटारसायकलकडे गेला. तुला मला काय बोलायचं ते बोल. दुसरं उत्तर मला सापडलं नाही, आजही सापडत नाही.

लोटनराव शांतपणे म्हणाले, "आबा, मांगला महिनामा तुम्हीच सांगं, माती संगे आना. आते सांगतस, माती नको. मंग बुरशी चांगली शे का वाईट शे?"

मी म्हणालो, दोन्ही.

"मंग तवय अर्धंच काब्र सांगं?"

अर्धंच का सांगितलं. लता, मी भर सभेत दगड झेललेत, पण बोलणं कधी थांबलं नव्हतं. तिथे थांबलं. काय सांगणार होतो? उरलेलं अर्धं मला ठाऊक होतं. तुला पत्रात लिहिलंही होतं. पण ते बोललो असतो तर त्यांनी टोपी काढली नसती.

डिंपल मात्र थांबली नाही. तिने पाचही कंद उपसले, खड्ड्यांतली आणि भोवतालची माती खरवडून गोणीत भरली, सगळं टोपलीसकट शेताबाहेर खडकावर नेलं. सासू म्हणाली, दसऱ्याच्या दिवशी माहेरचा आहेर जाळतं का कुणी? डिंपलने भावाला हाक मारली, "जितूदादा, गाडीतलं पेट्रोल काढ." त्याने काढलं. काडी तिनेच ओढली. ओले कंद लवकर पेटत नाहीत. ती काठीने खालीवर करत राहिली, धुरात, नव्या साडीत. लोटनराव मध्येच उठले आणि काटक्या आणून टाकू लागले.

पण थोडी माती वाटेत सांडली होती. किती आणि कुठे, कुणी सांगू शकत नाही. त्या कोपऱ्याला काट्यांचं कुंपण घातलं आहे. तिथे केळी लावायची नाही, तिथलं पाणी पुढे जाऊ द्यायचं नाही, तिथे वापरलेली कुदळ बागेत न्यायची नाही. बाकीच्या तुकड्यात टिश्यू कल्चरची रोपं त्याच दिवशी लागली. तेवढ्याने भागेल का, असं लोटनरावांनी विचारलं. मला माहीत नाही असं म्हणालो. झाडं मोठी होतील तेव्हा दिसेल. डिंपलला घरात कुणी बोललं का, तेही मला माहीत नाही. मी निघालो तेव्हा ती भांडी घासत होती आणि तिची सासू शेजारी बसून विसळत होती.

घरी येऊन तुझं पहिलं पत्र काढलं. खालची पिवळी पानं काढून टाकली, हे तू त्यातच लिहिलं होतंस. मी ते वाक्य ओलांडून गेलो. ते पांढरं जाळं, ज्याच्यावर मी एवढं लिहिलं, ते निरुपद्रवी होतं आणि आहे. त्यात मला अजूनही शंका नाही. आपण दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

तुझा
बन्सीलाल


सावदा
६ नोव्हेंबर २०२४

भाऊ,

जळगावहून उत्तर आलं. मरच.

तुझ्यावर रागावले होते, ते आता राहिलं नाही. तू हो म्हणालास म्हणून मलाही म्हणता आलं. दसऱ्यानंतर मी रुपचंदना जाऊन सांगितलं, कारण पाटाचं पाणी माझ्याकडून त्यांच्याकडे जातं. ते म्हणाले, वहिनी, मी तर पाला पेटवा म्हणत होतो. व्यापाऱ्याला सांगितलं, ही झाडाला मारते, खाणाऱ्याला काही करत नाही. त्याला पटलं की नाही कळलं नाही. घड तोडायला अय्युबभाई आले. त्यांना आधीच सांगितलं तेव्हा त्यांनी सगळे विळे औषधात बुडवून घेतले. म्हणाले, "भाभी, बरं झालं बोललात. इथून मी जामनेरच्या बागेत जाणार होतो." मी मनात म्हटलं, आणि बोलले नसते तर?

जितेंद्र घुमा झालाय, पण आजारी झाडं जागच्या जागी नष्ट करायचं काम त्यानेच हाती घेतलं. कंद मागायला आलेल्या बाईला मी आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. गेल्या आठवड्यात एकीला म्हटलं. कारणही सांगितलं. तरी ती जाताना रागावलेली दिसली. नणंदेचं नाव मी कुठे घेतलं नाही, तरी तिने बोलणं सोडलं आहे. मी चांगलं केलं की वाईट, माझं मलाच कळत नाही. तू लिहितोस दोन्ही असतं. असेल. पण दोन्ही असलं की माणसाने करायचं काय, ते तू लिहीत नाहीस.

भाऊबीजेला डिंपल आली होती. जेवण झालं, जितेंद्रला ओवाळलं. त्याने ओवाळून घेतलं, तेवढं बरं. संध्याकाळी म्हणाली, आई, बाग बघायची. मी म्हटलं, नको. तरी आली. रस्त्यापासून बांधापर्यंत आली आणि थांबली. जिथे ती लहानपणी पोग्यातलं पाणी पीत हिंडायची, त्या बागेकडे ती बांधावरून बघत होती. रिकाम्या ओळी तिने बोटाने मोजल्या. मी विचारलं, तुझी रोपं कशी आहेत? म्हणाली, जीव धरलाय. सासरे रोज सकाळी पानांची कड बघून येतात, अजून हिरवी आहे, पण एवढ्यात काही कळत नसतं आई.

मग तिने पिशवीतून ब्रश काढला आणि कपडे धुवायची पावडर. घरूनच आणली होती. रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि चपलांचे तळवे घासायला लागली, खाचाखाचांतून. मी हौदावरून कळशी भरून आणली आणि वरून धार धरली. पाणी रस्त्याकडे वाहायला लागलं तसं तिने पटकन अनवाणी पायाने माती ओढून बांध घातला आणि ते आपल्याच बागेकडे वळवलं.

मग तिने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. बोटांना ओली माती लागली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाय पुढे केला.

मी पुन्हा कळशी भरून आणली.

तुझी
लता